अस्वल, माणूस आणि विजेचा धक्का



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्या गुरुवर्यांना प्रथम मी विनम्र अभिवादन करतो. या व्यासपीठावरून बोलण्याची संधी दिल्याबद्दल संस्थेचा मी ऋणी आहे. विज्ञानातील एखादा नियम सामान्य माणसाच्या जीवनाला कोठे स्पर्श करतो हे दाखविल्यावाचून तो शिकवून झाला असे मानू नये, अशी गुरुवर्यांची धारणा होती. तिचे स्मरण ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे.

विषय ऐकून काहींना नवल वाटेल. सिल्वासात बसून अस्वलाची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या भागात रानाची गोष्ट निघाली की नाव निघते ते बिबट्याचे. पण माझे मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातले, ज्ञानगंगा अभयारण्यापासून फारसे दूर नसलेले. नोकरीच्या निमित्ताने मी दमणगंगेच्या काठी आलो आणि भौतिकशास्त्र शिकवीत येथेच स्थिरावलो. तिकडच्या अस्वलाची गोष्ट आणि इकडे वर्गात शिकविलेली वीज या दोहोंची गाठ घालून दिली ती आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी. येथील कारखान्यांत विजेची उपकरणे तयार करणाऱ्या काही जणांनी मला विचारले, ‘सर, परदेशात पोलीस विजेचा धक्का देणारे पिस्तूल वापरतात. माणूस मरत नाही, केवळ क्षणभर निश्चेष्ट होतो. असे साधन रानात जाणाऱ्या माणसाच्या हाती दिले, तर अस्वलही वाचेल आणि माणूसही वाचेल, नाही का?’

प्रश्नामागची भावना निर्मळ आहे. कोणाचाही जीव न घेता संरक्षण व्हावे, याहून चांगली इच्छा कोणती? म्हणूनच त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. प्राणी, यंत्र आणि त्या दोघांची गाठ पडण्याचा क्षण, या तिन्हींचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याच क्रमाने आपण जाऊ.

प्राण्याची ओळख

आपल्या देशात मैदानी व डोंगराळ रानात जे अस्वल आढळते त्याला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. या नावातच एक गैरसमज दडलेला आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याच्या लांब नख्या पाहून हा दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या झाडावर लोंबकळणाऱ्या संथ प्राण्याचा नातलग असावा, असे त्याला वाटले. पुढे चूक उमगली, परंतु नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. वस्तुतः हे अस्वल मुळीच संथ नाही.

महाराष्ट्रात मेळघाट, ज्ञानगंगा, ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि गडचिरोलीची जंगले ही त्याची ठिकाणे. ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. शेजारच्या गुजरातेत रतनमहाल, जेसोर, बालाराम-अंबाजी व शूलपाणेश्वर येथे अस्वले आहेत. जगभरात या जातीची संख्या वीस हजारांहून कमी असावी असा अंदाज आहे आणि आंतरराष्ट्रीय सूचीत तिची गणना धोक्यातील जातींमध्ये होते.

याचे मुख्य अन्न म्हणजे वाळवी व मुंग्या. वारूळ उकरायचे, आत तोंड घालायचे, फुंकर मारून माती उडवायची आणि वाळवी जोराने ओढून घ्यायची, ही त्याची रीत. वरचे मधले दोन दात त्याला नसतात, ओठ लवचीक असतात आणि नाकपुड्या मिटून घेता येतात. जणू निसर्गाने त्याच्या तोंडाची नळीच करून दिली आहे. शिवाय मध, बोरे, जांभळे, उंबरे, बहाव्याच्या शेंगा, तेंदूची फळे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गळणारी मोहफुले. ही यादी ऐकताना आपल्या लक्षात येईल की, वाळवी सोडली तर यातील बहुतेक गोष्टी रानातला माणूसही गोळा करतो. माणूस आणि अस्वल एकमेकांना शोधत जात नाहीत. दोघेही त्याच झाडाकडे जातात आणि तेथे गाठ पडते.

नर अस्वलाचे वजन साधारण ८० ते १४५ किलो भरते, मादीचे ५५ ते ९५ किलो. पुढच्या पायांच्या नख्या सात ते दहा सेंटिमीटर लांब असतात. घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, दृष्टी मात्र सामान्य. वारुळात तोंड खुपसून आवाज करीत खाणाऱ्या अस्वलाला जवळ आलेल्या माणसाची चाहूल लागत नाही, आणि जेव्हा लागते तेव्हा माणूस अगदी समोर असतो. पिल्ले बहुधा हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि उन्हाळा सुरू होण्याच्या सुमारास आईबरोबर बाहेर पडू लागतात. आई त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. म्हणजे मोह गळण्याचा हंगाम आणि पिल्ले पाठीवर असण्याचा काळ एकच.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा प्राणी सहस्रावधी वर्षे वाघाच्या सोबतीने राहिला. वाघासमोर पळून सुटका नाही, झाडावर चढावे तर बिबट्याही चढतो. अशा परिस्थितीत टिकून राहण्याचा जो मार्ग या जातीने पत्करला तो असा की, संकट जवळ दिसताच माघार घ्यायची नाही, आपणच प्रथम तुटून पडायचे. अस्वलाचा हल्ला हा बहुधा रागाचा नसतो, भक्ष्यासाठी तर जवळजवळ कधीच नसतो. घाबरलेल्या प्राण्याने आपला जीव वाचविण्यासाठी केलेली ती झडप असते.

हल्ला कसा घडतो

या झडपेची किंमत किती, हे पाहण्यासाठी दोन अभ्यासांचा आधार घेऊ. एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत त्या वेळच्या मध्य प्रदेशात अस्वलाच्या हल्ल्यांत ७३५ माणसे सापडली. त्यांतील ४८ मृत्युमुखी पडली. पुढे एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात उत्तर बिलासपूर वन विभागात अशा १३७ घटनांची नोंद झाली आणि त्यांत ११ जणांचे प्राण गेले.

या आकड्यांकडे नीट पाहा. बहुसंख्य माणसे वाचली. परंतु ‘वाचली’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. अस्वल डोके व चेहरा यांवर झडप घालते. डोळा जातो, जबडा फाटतो, डोक्याची कातडी सोलून निघते. त्या माणसाला पुढील सारे आयुष्य तो चेहरा घेऊन काढावे लागते. बाजारात, लग्नकार्यात, स्वतःच्या नातवंडांसमोर. मृत्यूच्या आकड्यात न येणारे हे दुःख या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. म्हणूनच ‘काहीतरी साधन द्या’ ही मागणी समजण्यासारखी आहे.

हल्ल्यात सापडणारी माणसे कोण? पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाया, तेंदूपत्ता तोडणारे मजूर, सरपण आणणारे, गुरे राखणारे, परसाकडे गेलेली माणसे आणि विदर्भात रात्री-अपरात्री पिकाला पाणी देण्यासाठी शेतात जाणारे शेतकरी. एकटी किंवा दुकटी, वाकलेली, कामात गढलेली, हातात टोपली किंवा विळा असलेली. हे चित्र मनात ठेवा. साधनाची परीक्षा याच चित्रात करावयाची आहे.

विजेच्या साधनांचे प्रकार

विजेचा धक्का देणारी साधने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार अंगाला टेकवून वापरण्याचा : स्टन गन किंवा विजेची काठी. दुसरा प्रकार दुरून मारण्याचा : टेझर. तिसरा प्रकार एका जागी उभा असलेला : विजेचे कुंपण, ज्याच्या यंत्राला आपल्याकडचे शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतात.

टेझरचा जनक जॅक कव्हर हा अमेरिकन शास्त्रज्ञ. त्याने १९७४ साली हे साधन सिद्ध केले आणि त्याचे नाव आपल्या बालपणीच्या आवडत्या टॉम स्विफ्ट या काल्पनिक नायकाच्या विद्युत्-बंदुकीवरून घेतले. यात काडतुसातून दोन लहान काटेरी बाण सुटतात, त्यांना बारीक तारा जोडलेल्या असतात. दोन्ही बाण अंगात रुतले म्हणजे मंडल पूर्ण होते आणि एका बाणापासून दुसऱ्यापर्यंत शरीरातून विजेचे ठोके जातात. प्रचलित यंत्रांत हे ठोके सेकंदाला सुमारे १९ असतात आणि एका वेळी ५ सेकंद चालतात. यामुळे स्नायूंना मेंदूकडून येणारी आज्ञा बुडून जाते, ते आखडतात आणि प्राणी खाली कोसळतो.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात हमखास येणारी एक शंका दूर केली पाहिजे. जाहिरातीत ५०,००० व्होल्ट हा आकडा असतो. मग घरातील २३० व्होल्ट माणसाचा जीव घेतात आणि हे ५०,००० घेत नाहीत, हे कसे? उत्तर असे की, व्होल्ट म्हणजे केवळ दाब. थंडीत नायलॉनचे कपडे काढताना ज्या ठिणग्या उडतात त्यांचा दाबही हजारो व्होल्ट असतो. इजा किती होणार हे ठरते ते शरीरातून किती प्रवाह, किती काळ आणि कोणत्या मार्गाने गेला यावर. टेझरचा प्रत्येक ठोका सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढाच टिकतो. मोठा दाब लागतो तो बाण व कातडी यांच्यामधील हवेची फट ओलांडण्यासाठी. तरीही हे साधन सर्वथा निर्धोक आहे असे समजू नये. माणसांवरील वापरात मृत्यू घडल्याच्या घटना आहेत, म्हणून त्याला ‘प्राणघातक नसलेले’ म्हणण्यापेक्षा ‘कमी घातक’ म्हणणे अधिक रास्त.

अस्वलावर याचा परिणाम होतो काय? होतो. अमेरिकेतील अलास्का राज्याच्या वन्यजीव खात्यातील अधिकाऱ्यांनी मूस नावाची मोठी हरणे व तपकिरी अस्वले यांच्यावर टेझरचा वापर करून पाहिला. प्राणी क्षणभर निश्चेष्ट झाले आणि सुटताच पळून गेले. या अनुभवातून २०११ साली उत्पादकांनी खास वन्यप्राण्यांसाठी एक नमुना बाजारात आणला. म्हणजे अस्वलाचे शरीर विजेला दाद देते, यात शंका नाही. परंतु ते प्रयोग कोणी केले? प्रशिक्षित अधिकाऱ्यांनी, आधीपासून दिसत असलेल्या प्राण्यावर, स्वतः निवडलेल्या क्षणी. मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या बाईला यांतले काहीही उपलब्ध नाही.

क्षणाचा हिशेब

आता थोडे गणित करू. अस्वल ताशी ३० किलोमीटर वेगाने धावले असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. ते १० मीटरवर असताना उठले तर आपल्यापर्यंत पोहोचण्यास १.२ सेकंद लागतील. ५ मीटरवर असेल तर ०.६ सेकंद. झुडपी रानात गाठ पडते ती बहुधा याच अंतरांत. या अवधीत दचकणे, ओळखणे, हातातील टोपली टाकणे, कमरेचे साधन काढणे, त्याची कळ सोडणे, नेम धरणे आणि चाप ओढणे हे सारे व्हावयास हवे. कसलेल्या माणसासही हे साधणे कठीण.

समजा, साधले. तरी दुसरी अडचण उभी राहते. टेझरचे दोन बाण सुटल्यावर दर ७ फुटांमागे साधारण १ फूट एकमेकांपासून दूर जातात. स्नायू आखडण्यासाठी दोघांत निदान फूटभर अंतर पाहिजे. म्हणजे अस्वल दोन मीटरच्या आत आलेले असेल, तर बाण एकमेकांच्या फार जवळ रुततात. वेदना होते, पण प्राणी कोसळत नाही. उलट काडतुसाच्या तारेची लांबी साधारण साडेचार ते साडेदहा मीटर, त्यापलीकडे बाण जातच नाही. साधन उपयोगी पडते ते मधल्या अरुंद पट्ट्यात, आणि धावणारे अस्वल तो पट्टा सुमारे एका सेकंदात ओलांडते.

तिसरी अडचण केसांची. या अस्वलाच्या मानेवर व खांद्यांवर केस जवळजवळ वीतभर लांब आणि दाट असतात. बाणाचा काटा जेमतेम सेंटिमीटरभर. ठिणगी थोडी फट ओलांडू शकते हे खरे, तथापि दोन्ही बाण त्या केसाळ झुलीतून कातडीच्या पुरेसे जवळ पोहोचले पाहिजेत. एक जरी केसांत अडकून लोंबत राहिला तरी मंडल पूर्ण होत नाही आणि सारे व्यर्थ जाते. समोरून अंगावर येणारे अस्वल डोके खाली घालून येते, तेव्हा समोर दिसतो तो नेमका हाच केसाळ भाग.

चौथी अडचण पाच सेकंदांनंतरची. धक्का थांबला की प्राणी शुद्धीवर असतोच, तो उठतो. मोकळ्या मैदानात तो पळून जाईल अशी आशा ठेवता येते. पण पिल्ले जवळ असलेली आई उठून कोणीकडे जाईल हे कोणी सांगावे?

अंगाला टेकवावयाच्या काठीचे तर विचारूच नका. तिचा उपयोग करावयाचा म्हणजे अस्वल हाताच्या अंतरावर येऊ द्यावयाचे. आणि हाताच्या अंतरावर त्याच्या नख्या आधीच पोहोचलेल्या असतात. शिवाय ही काठी केवळ वेदना देते. भीतीने तुटून पडलेल्या प्राण्याला वेदना दिल्याने तो हटेलच, असा भरवसा धरता येत नाही.

बंदूक आणि तिखटाचा फवारा

मग बंदूक बरी काय? अलास्कातील १८८३ ते २००९ या काळातील २६९ घटनांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी बंदूक चालविली आणि ज्यांनी जवळ असूनही चालविली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. मार्च २०१६ मध्ये छत्तीसगडातील महासमुंद जिल्ह्यात एका अस्वलाने तीन माणसांचे प्राण घेतले, त्यांत वन खात्याचा एक कर्मचारीही होता. अखेर पोलिसांनी अनेक गोळ्या झाडून त्या अस्वलाला मारले. शस्त्रे आली, पण तीन जीव गेल्यानंतर.

याउलट मिरचीतील तिखट द्रव्याचा फवारा अधिक गुणकारी ठरला आहे. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील घटनांवरून २००८ साली जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के प्रसंगी फवाऱ्याने त्यांना थांबविले. कारण सोपे आहे. फवाऱ्याचा ढग होतो, त्याला अचूक नेम लागत नाही, दोन बिंदू जुळवावे लागत नाहीत, आणि डोळे, नाक व श्वास या साऱ्यांवर तो एकदम परिणाम करतो. अर्थात, ती अस्वले निराळ्या जातीची, आणि ती माणसे डबी पट्ट्याला अडकवून मोकळ्या हाताने चालणारी. दोन्ही हात टोपलीत गुंतलेल्या माणसासाठी एका सेकंदाची अडचण येथेही सुटत नाही. तथापि गस्तीवर जाणाऱ्या वनरक्षकाच्या हाती काही द्यावयाचेच असेल, तर विजेच्या पिस्तुलापेक्षा फवाऱ्याचा विचार आधी करावा, असे मला वाटते.

वीज कोठे उपयोगी पडते

येथवरचे विवेचन ऐकून ‘म्हणजे वीज निरुपयोगी’ असा निष्कर्ष आपण काढाल, तर तोही चुकीचा ठरेल. वीज उपयोगी पडते. मात्र हातात नव्हे, जागेवर.

उत्तर अमेरिकेत व युरोपात मधमाश्यांच्या पेट्यांभोवती विजेचे कुंपण घालून अस्वलांना दूर ठेवण्याची रीत रुळलेली आहे. अस्वल हुंगत येते, ओले नाक तारेला लागते, झटका बसतो आणि ते माघारी फिरते. केसांचा अडसर नाही, नेम नाही, घाई नाही. मुख्य म्हणजे माणूस तेथे नाही. महाराष्ट्रातही डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली पिकांच्या रक्षणासाठी सौर कुंपणाला साहाय्य दिले गेले. झटका मशीन सेकंदाला सुमारे एकच ठोका देते. त्याचा दाब हजारो व्होल्ट असला तरी काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी असतो. स्पर्श करणाऱ्याला हात मागे घेण्यास दोन ठोक्यांच्या मध्ये पुरेसा अवकाश मिळतो.

हे सांगत असतानाच एक इशारा द्यावयास हवा. झटका मशीन महाग वाटले म्हणून खांबावरच्या तारेला आकडा टाकून २३० व्होल्टचा प्रवाह कुंपणात सोडणे, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. हा प्रवाह सलग असतो. स्नायू आखडतात, पकड सुटत नाही आणि हृदय थांबते. अशा तारांनी वाघ, अस्वले, हत्ती मेले आहेत, आणि रात्री वाट चुकलेले शेजारी व खुद्द शेतमालकही मेले आहेत. आपल्यापैकी जे विजेच्या धंद्यात आहेत त्यांनी आपापल्या गावी एवढी एक गोष्ट समजावून सांगितली, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.

आणि विदर्भातील शेतकऱ्याचे काय? तो रात्री शेतात का जातो? कारण पंपाला वीज रात्री मिळते. दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. अस्वलापासून संरक्षण हा काही तिचा उद्देश नव्हे. तथापि ज्या शेताला दिवसा पाणी देता येते, त्या शेताचा मालक पहाटेच्या अंधारात अस्वलासमोर उभा राहत नाही. माझ्या मते, दिवसा मिळणारी वीज हेच अस्वलापासून वाचविणारे विजेचे सर्वांत मोठे साधन होय.

साधनाचा भ्रम

माझा मुख्य मुद्दा मी आता मांडतो. साधन निकामी असण्यापेक्षा त्यावरचा आंधळा विश्वास अधिक घातक असतो. ज्याच्या हाती काही नाही तो चार माणसांबरोबर जातो, बोलत जातो, उजाडल्यावर जातो. हाती यंत्र आले की तोच माणूस म्हणतो, आता भय कसले? तो एकटा निघतो, काळोखात निघतो. साधन एका सेकंदाचे संरक्षण देऊ पाहते आणि त्याच्या मोबदल्यात तासाभराची सावधगिरी काढून घेते.

बिबट्याच्या बाबतीत महाराष्ट्राने असाच एक धडा घेतला आहे. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर परिसरात बिबट्यांना पिंजऱ्यात पकडून दूर सोडण्याचा उपाय केला गेला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासातून असे पुढे आले की, या उपायाने माणसांवरील हल्ले घटले नाहीत, उलट वाढले. डोळ्यांना दिसणारा, ‘काहीतरी केले’ असे समाधान देणारा उपाय हा खरा उपाय असतोच असे नाही. आपल्याकडचा वारली समाज वाघबारसेला वाघदेवाचे स्मरण करतो. त्यात केवळ भीती नाही. शेजाऱ्याच्या सवयी ओळखून वागण्याचे ते एक शहाणपण आहे.

अस्वलाच्या बाबतीत हे शहाणपण असे सांगता येईल. रानात एकट्याने जाऊ नये. बोलत, गात, काठी आपटत जावे. अस्वलाला आपली चाहूल लांबूनच लागली की ते बहुधा वाट सोडते. उत्तर गुजरातेत संशोधकांनी गावकऱ्यांसाठी ‘घंटी-काठी’ पुढे आणली. काठीला घुंगरासारख्या घंटा बांधलेल्या, आणि वेळ पडली तर अस्वलाला अंतरावर रोखता येईल असे टोक. तिला बॅटरी लागत नाही, आणि तिचे काम गाठ पडण्यापूर्वीच सुरू होते. मोह वेचण्यास पुरेसे उजाडल्यावर जावे. झाडाखाली जाळी बांधली तर फुले वाकून, तासन्‌तास वेचावी लागत नाहीत. घरोघरी शौचालय आणि गावाच्या कडेला दिवा ही देखील अस्वलापासून संरक्षणाची साधनेच आहेत.

तरीही गाठ पडलीच, तर धावू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. झडप पडलीच तर पालथे पडून चेहरा जमिनीकडे करावा आणि दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून घ्यावीत. चेहरा व मान वाचली तर बाकीच्या जखमा बहुधा भरून येतात. नंतर जखम साबण-पाण्याने भरपूर धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालय गाठून रेबीजची लस घ्यावी.

कायद्याविषयी एक वाक्य. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाला स्थान आहे, त्याला इजा करणे हा गुन्हा आहे. मात्र कलम ११ नुसार सद्भावनेने, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जीवरक्षणासाठी केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. कायद्याने माणसाला असहाय सोडलेले नाही.

समारोप

तेव्हा, मित्रहो, मूळ प्रश्नाचे उत्तर असे : विजेचा धक्का अस्वलाला थांबवू शकतो, परंतु ज्या माणसाला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्या हातून, त्याच्या वाट्याला येणाऱ्या क्षणी, तो थांबविण्याची शक्यता फार थोडी आहे. तीच वीज कुंपणात, रस्त्याच्या दिव्यात आणि दिवसा चालणाऱ्या पंपात घातली, तर मात्र ती दररोज, कोणाच्याही नकळत, माणसांना वाचवीत राहते.

आपल्यातील तरुण अभियंत्यांना मी निराश करू इच्छित नाही. करण्यासारखे पुष्कळ आहे. गरीब शेतकऱ्याला परवडेल असे सुरक्षित झटका मशीन, गावकुसाला पुरेल असा टिकाऊ सौरदिवा, हलकी व दणकट घंटी-काठी यांपैकी काहीही आपल्या येथील कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. फक्त एक पथ्य पाळावे. यंत्राचा आराखडा काढण्यापूर्वी ते ज्याच्या हाती जाणार, त्या माणसाबरोबर एक पहाट मोहाच्या झाडाखाली घालवावी. त्याचे हात कशात गुंतलेले आहेत, ते आधी पाहावे.